गाडी थरथरतेय? आधी ऑर्डर काढा, मग गॅरेजला जा

८० च्या पुढं गेलं की स्टेअरिंग थरथरतं, मग लोक बॅलन्सिंग करून घेतात, मग अलाइनमेंट, मग इंजिनचे माउंटिंग बदलतात, पैसे जात राहतात आणि थरथर तिथंच. आधी बघायचं की ती थरथर कुणाच्या फिरण्याशी बांधलेली आहे. फिरणारा पार्ट एका फेऱ्यात जितके धक्के देतो ती त्याची ऑर्डर, एक असेल तर पहिली, दोन असतील तर दुसरी.

फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलेंडर इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदाच फायर होतो, म्हणून चार सिलेंडरची मुख्य ऑर्डर २ आणि तीन सिलेंडरची दीड. आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना, ६० नं भागा आणि ऑर्डरनं गुणा, ३००० ला चार सिलेंडरचे १०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० धक्के येतात, तीनचे ७५. चाकाचं वेगळं, १८५/६५ आर १५ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर म्हणजे ९० च्या स्पीडला सेकंदाला जवळपास १३ फेरे, पहिली ऑर्डर १३ हर्ट्झ.

आता फोनवर फायफॉक्स (phyphox) हे ॲप टाका, फ्री आहे, त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम उघडा, म्हणजे किती हर्ट्झला किती थरथर आहे त्याचा आलेख, त्यातलं सगळ्यात उंच टोक म्हणजे शिखर. फोन होल्डरमध्ये नको, होल्डर स्वतःच हलतो, सीटच्या रेलला टेपनं घट्ट चिकटवा आणि स्क्रीन शेजारच्यानं बघायची, ड्रायव्हरनं अजिबात नाही. साताऱ्याजवळचं शेंद्रे सोडून हायवेनं कराडकडं निघालात की मोकळा सरळ पट्टा बघून ९० धरा, पाचव्या गिअरमध्ये रीडिंग घ्या, मग तोच स्पीड ठेवून चौथ्यात. शिखर जागचं हललं नाही तर चाकाकडचं, आरपीएमबरोबर वर सरकलं तर इंजिनकडचं. ही एक टेस्ट केली तरी निम्मं काम झालं, खरंच करा. फक्त बऱ्याच फोनचा सेन्सर सेकंदाला १०० च्या आसपासच रीडिंग घेतो, त्यामुळं ५० हर्ट्झच्या वरचं त्यात खरं दिसत नाही, इंजिनसाठी माइकचा ऑडिओ स्पेक्ट्रम वापरा.

चाकाची पहिली ऑर्डर आली तर बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम, दुसरी आली तर टायर अंडाकृती झालाय का बघा. आणि साताऱ्याच्या यवतेश्वरसारख्या चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आडवी हलते, पाय काढला की थांबते, शिखर चाकाच्या पहिल्या ऑर्डरच्या तिप्पट, तर ड्राइव्हशाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा) आतला, गिअरबॉक्सकडचा ट्रायपॉड जॉइंट तपासा, तिथं बॅलन्सिंगचा काही उपयोग नाही.

आरपीएम बदलला तरी घुमण्याची फ्रिक्वेन्सी तीच राहते आणि ठराविक आरपीएमलाच जोर धरते असं असेल तर ती ऑर्डर नाही, रेझोनन्स आहे, म्हणजे एखादा पार्ट स्वतःच्याच फ्रिक्वेन्सीला घुमतोय, मग सायलेन्सरचे हँगर रबर, सैल पत्रा, हीट शील्ड (सायलेन्सरची उष्णता अडवणारा पत्रा) हे हातानं हलवून बघा, गाडी थंड असताना.