सूर्याचा वर्णपट: सुरुवात करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

एम.एस्सी. करून सौर भौतिकीकडे वळू पाहणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोरांचा प्रश्न ठरलेला: पुण्याला गेल्याशिवाय जमेल का? जमतं. सोर्स आणि टीएसआयएस-१ या सूर्यप्रकाश मोजणाऱ्या नासाच्या अंतराळ मोहिमांचा डेटा फुकट आहे, साधा लॅपटॉप पुरतो. फक्त फाइली पावसाआधी उतरवून घ्या. एकदा जून लागला की सूर्यही दिसत नाही आणि लाईटचाही भरवसा नसतो.

आता जिथे मी अडकले, ती जागा. आलेख खाली उतरला म्हणजे सूर्य मंदावला, असं धरून चालू नका! सोर्सवरचं ‘सिम’ हे वर्णपट मोजणारं उपकरण प्रिझमने प्रकाश फाकवायचं. अतिनील किरणांचा मारा खाऊन त्या प्रिझमवर कार्बनी मळाचा थर धरतो, कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसा. तोही सगळ्या तरंगलांबींना सारखा नडत नाही. अतिनीलला जास्त, लाल बाजूला कमी. म्हणजे वर्णपटाचा आकारच बदलतो, आणि तो बदल अगदी सूर्याने केल्यासारखा दिसतो. म्हणून सिमला दोन चॅनल होते. एक नेहमी उन्हात, दुसरा अधूनमधूनच उघडायचा. दोघांच्या फरकावरून उपकरणाची झीज काढायची. टीएसआयएस-१ वर तर तीन चॅनल आहेत. अकरा वर्षांच्या सौरचक्रात एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का हलते, झीज त्याहून कितीतरी मोठी.

दुरुस्त केलेल्या डेटावरही डोळे मिटून विसंबू नका. २००४ ते २००७ या काळात सिमला अतिनीलमध्ये मॉडेलांपेक्षा खूपच मोठी घट दिसली. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये त्यावर शोधनिबंध आला. पुढे अनेकांनी त्या घटीत उरलेल्या झिजेचा मोठा वाटा असल्याचं दाखवलं. तेव्हा तुम्ही चुकलात तर जीवाला लावून घेऊ नका. पडताळ्याला २८० नॅनोमीटरजवळचा मॅग्नेशियम निर्देशांक काढा. वर्णपटातल्या मॅग्नेशियमच्या रेषेचा गाभा आणि तिच्या कडा यांचं ते गुणोत्तर असतं. दोन्ही शेजारी-शेजारी, त्यामुळे झीज बरीचशी कटते.

सिनियरची तयार स्क्रिप्ट चालवून सुंदर आलेख काढणाऱ्यांबद्दल मला फारसं कौतुक नाही. त्यात पृथ्वी-सूर्य अंतराची दुरुस्ती आहे की नाही, हेच त्यांना माहीत नसतं. जानेवारी आणि जुलैच्या तीव्रतेत तेवढ्यानेच जवळजवळ ७ टक्के फरक पडतो.

गाईड म्हणतील, आपल्या आदित्य-एल१ वर काम कर. जरूर करा, पण त्यावरचं, पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत घडलेलं ‘सूट’ हे दुर्बीण-उपकरण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये ११ फिल्टरमधून चित्रं घेतं, सलग वर्णपट नाही. प्रकल्पाचं शीर्षक त्या हिशेबाने लिहा.