टाइमशेअरची वेटलिस्ट लावायची कशी, कोल्हापूरकरांसाठी

टाइमशेअर म्हणजे पैसे भरून रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहायची मेंबरशिप, त्या रात्री म्हणजेच आपल्या नाईट्स. दिवाळीची सुट्टी, मे महिना, नाताळ ते ३१ डिसेंबर, या तारखांना कंपनीचं अ‍ॅप उघडलं की महाबळेश्वर फुल्ल, गोवा फुल्ल, आणि मग घरात सुरू होतं की एवढे पैसे घालून मेंबरशिप घेतली कशाला. पण फुल्ल दिसलं म्हणजे संपलं असं नसतं हो. बुकिंग उघडलं की बरेच मेंबर सुट्टी मिळणार का, पोरांची परीक्षा कधी, काही न बघता तारखा अडवून ठेवतात आणि नंतर सोडतात. त्या सुटलेल्या रूम वेटलिस्टमधल्यांना मिळतात. त्या कधी सुटतात हे ज्याला कळलं त्याचं काम झालं.

तर आधी आपल्या मेंबरशिपचे नियम उघडा आणि कॅन्सलेशनची शेवटची तारीख शोधा. चेक-इनच्या अमुक दिवस आधीपर्यंत कॅन्सल केलं तर नाईट्स परत येतात, त्यानंतर कापल्या जातात, असा नियम असतो, दिवस प्रत्येक कंपनीचे वेगळे, कधी कधी सीझनप्रमाणे पण वेगळे. लोक निर्णय शेवटपर्यंत लांबवतात, त्यामुळं त्या तारखेच्या आधीचे चार-पाच दिवस सगळ्यात जास्त रूम सुटायचे. ती तारीख मोबाईलच्या कॅलेंडरवर टाका आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ अ‍ॅप बघत जा, वेटलिस्ट लावली असली तरी बघा, कारण तुम्ही मागितली नव्हती अशी रूम किंवा शेजारची तारीख पण मोकळी दिसू शकते.

आता महत्त्वाचं, आणि हे नीट वाचा. रेल्वेचं ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर पण पूर्ण वेटिंगलाच राहिलं तर आपोआप कॅन्सल होऊन पैसे परत येतात, इथं मात्र वेटलिस्ट ती शेवटची तारीख उलटून गेल्यावर पण कन्फर्म होऊ शकते. म्हणजे तुम्ही नाद सोडून दुसरीकडं हॉटेल घेतलंय आणि इकडं बुकिंग कन्फर्म, नाईट्स गेल्या, आता सोडायचं म्हटलं तर दंड. म्हणून वेटलिस्ट लावतानाच कस्टमर केअरला दोन गोष्टी विचारून घ्या: कन्फर्म आपोआप होतं का आधी मला विचारणार, आणि वेटलिस्टला असताना नाईट्स अडकून राहतात का. उत्तर ईमेलवर मागा, फोनवरचं बोलणं नंतर कामाला येत नाही. आणि आपल्याला जमणार नाही असा दिवस आला की वेटलिस्ट स्वतःच्या हातानं काढून टाका, ती आपोआप जाईल या भरवशावर राहू नका.

मागणी छोटी ठेवा. पाच रात्री एकत्र मागितल्या आणि त्यातली शनिवारची एक रात्र मोकळी नसली तर बऱ्याच सिस्टिममध्ये सगळीच मागणी अडकते. त्यापेक्षा दोन-दोन रात्रींच्या वेगळ्या वेटलिस्ट लावा, चालत असेल तर स्टुडिओ (एकाच खोलीची रूम) आणि वन बेडरूम दोन्हीला लावा. शुक्रवार-शनिवारवर सगळ्यांचा डोळा, रविवार-सोमवारच्या रात्री त्या मानानं लवकर मिळतात. ज्यांच्या दुकानाला सोमवारी सुट्टी त्यांनी तर रविवारी दुपारी निघून मंगळवारी सकाळी परत यावं, असंच मागावं.

इथं आपण कोल्हापूरचे असल्याचा खरा फायदा आहे. महाबळेश्वर हायवेनं सातारा करत काही तासांत, गोवा आजरा-आंबोली-सावंतवाडी नाहीतर राधानगरी-फोंडा घाटानं, गणपतीपुळे आंबा घाट उतरून. गाडी काढली की निघालो. लांबून येणाऱ्याला आधी तिकिटं लागतात म्हणून तो शेवटच्या आठवड्यात सुटलेली रूम घेऊ शकत नाही, आपण घेऊ शकतो. क्लब महिंद्राचं महाबळेश्वरचं शेरवूड किंवा गोव्यातलं वार्का बीच, अशा जवळच्या ठिकाणांना उशिरापर्यंत वेटलिस्ट चालू ठेवायला हरकत नाही, फक्त वरची दंडाची गोष्ट लक्षात ठेवून. पावसाळ्यात निघायच्या आधी घाट चालू आहे का ते बघा.

मुन्नार, बिनसर असलं लांबचं असेल तर हिशोब उलटा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, तोपर्यंत रूमचं नक्की झालं नाही तर तिकीट रेल्वेचंच काढा, विमानाचं नॉन-रिफंडेबल अजिबात नको. आणि फुकट कॅन्सल होणारं एखादं हॉटेल धरून ठेवा.

आरसीआयमधून, म्हणजे टाइमशेअरच्या मेंबरांना रिसॉर्टची अदलाबदल करून देणाऱ्या कंपनीतून, दुसऱ्या रिसॉर्टला जायचं असेल तर तिथं वेटलिस्टच्या जागी सर्च चालू ठेवतात, जुळणारं काही आलं की मिळतं. ठिकाणं आणि तारखा जेवढ्या मोकळ्या सोडाल तेवढं चांगलं, फक्त एकच रिसॉर्ट धरून बसलात तर वाट बघत राहाल.

वार्षिक फी थकली असेल तर ती आधी भरा. बाकी असली की बहुतेक ठिकाणी बुकिंग अडतं आणि नंबर आला तरी हातातून जातो. सीझनचा रंग पण तपासा, क्लब महिंद्रात वर्षातल्या तारखा गर्दीप्रमाणे पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू अशा रंगांत वाटलेल्या असतात आणि मेंबरशिप एका रंगाची असते, आपल्या रंगात न बसणाऱ्या तारखांना वेटलिस्ट लागतच नाही किंवा जास्तीचं काही मागतात. आणि कुणी अनोळखी नंबरवरून फोन करून वेटलिस्ट कन्फर्म करून देतो, इतके पैसे पाठवा म्हणालं तर एक रुपया देऊ नका. ओटीपी तर नाहीच नाही. फोन ठेवा आणि मेंबरशिप कार्डावरच्या नंबरला स्वतः फोन लावून विचारा.

कन्फर्मेशन आलं की त्याच दिवशी तारीख, रूमचा प्रकार, माणसं किती हे सगळं वाचून घ्या, आई-बाबा बरोबर असतील तर रिसॉर्टला फोन करून तळमजल्याची रूम मागा, आणि बाकीच्या तारखांना लावलेल्या सगळ्या वेटलिस्ट लगेच काढा, नाहीतर त्यातली एखादी पण कन्फर्म होऊन तुमच्या नाईट्स जातील.