भरतीचं ग्राउंड आणि पोटातला गोळा
पोलीस भरतीला हातातला गोळा कसा फेकायचा हे अ‍ॅकॅडमीत रोज शिकवतात, पण ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, जवळ आलं की पोटात जो गोळा येतो त्याचं काय करायचं हे कोणी सांगत नाही, मला तरी नाही सांगितलं. मी दोन वर्षं अ‍ॅकॅडमीत काढली आणि पहिल्या भरतीत 1600 मीटरला तिसऱ्या लॅपमध्येच पाय दगडासारखे झाले. तयारी कमी नव्हती हो, घाबरून पहिला लॅप दावं तोडलेल्या वासरासारखा पळालो म्हणून झालं ते.

सगळ्यात आधी वही घ्या आणि भीती नेमकी कसली वाटते ते लिहा. मी लिहिलं तेव्हा पळण्याबद्दल एकच ओळ निघाली, बाकी पानभर घरचंच, म्हणजे पप्पांनी सोयाबीनचे पैसे मेसला भरलेत, चुलते विचारणार "काय झालं रे भरतीचं", बरोबरचा पोरगा मुंबईला लागला आणि आपण अजून इथेच. ह्या दोन वेगळ्या भीत्या आहेत आणि आपण त्यांची खिचडी करतो. पळण्याची भीती घड्याळाने कमी होते, घरची घड्याळाने नाही होत.

आधी घड्याळाचं बघू. शिपाई पदाचं फिजिकल, म्हणजे हेच ग्राउंड, 50 मार्कांचं, पोरांना 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळ्याला 15. आता 1600 म्हणजे 400 च्या ट्रॅकवर चार लॅप, आणि पैकीच्या पैकी हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे लॅपला साधारण 77-78 सेकंद. 5:10 हुकलं तर? 5:30 च्या आत आलात तरी 18 मिळतात. म्हणजे वीस सेकंद गेले तर दोन मार्क गेले, आणि पुढे लेखी 100 मार्कांची आहे, तिथे ते दोन मार्क भरून काढता येतात. हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मलाच हसू आलं, दोन मार्कांसाठी मी महिनाभर रात्री छताकडे बघत पडलो होतो. मनात आपलं "झालं तर झालं नाहीतर मेलो" असं चालू असतं आणि मार्कांचा तक्ता तसा नाहीच मुळी, तो पायऱ्या-पायऱ्यांचा आहे. तो तक्ता खोलीत लावा. पोरींचं 800 असतं, वेळा वेगळ्या, पण हिशोब तसाच.

मग सराव असा करा की पहिला लॅप 75 च्या खाली पळायचाच नाही. बाकीचे पुढे जातात, जाऊ द्या, त्यातले बरेच तिसऱ्या लॅपला परत भेटतात.

दुसरं म्हणजे वाट बघायचा सराव, हा कोणीच करत नाही. भरतीच्या दिवशी पहाटे बोलावतात, मग कागदपत्रं, उंची-छाती, रांग, छातीवर नंबर, आणि तुमची बॅच लागेपर्यंत नुसतं बसून राहायचं. भीती तिथे तयार होते, ट्रॅकवर नाही. म्हणून दर दुसऱ्या रविवारी चार-पाच जणांनी मिळून खोटी भरती घ्यायची, नंबर लावायचे, वॉर्मअप करून तासभर मातीत बसायचं, परत थोडं अंग मोकळं करायचं आणि मगच पळायचं. पहिल्या दोन वेळा टायमिंग बेकार येईल. येऊ दे, ती बेकार वेळ इथे आलेली परवडते.

ग्रुपवर येणारे आकडे बघून घाबरू नका. 2024 ला 17 हजार 471 जागांना 17 लाखांच्या वर अर्ज, हे फॉरवर्ड मी पण शंभरदा वाचलं. पण ते अर्ज आहेत, माणसं नाहीत, एकच जण शिपाई, चालक, एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) असे वेगवेगळे फॉर्म भरतो. आणि जोरात पळता यावं म्हणून कोणी इंजेक्शन घ्यायला सांगितलं तर त्या माणसापासून लांबच राहा, जीवाशी खेळ आहे तो.

आता घरचं. ह्याला एकच उपाय, निकालाच्या आधी फोन करायचा. मी पप्पांना सांगितलं की ह्या वेळी नाही झालं तर अजून एक भरती देणार, तोपर्यंत मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण करणार, वय बसतंय (ओपनला 28, मागासवर्गीयांना 33). पप्पा म्हणाले, "मग एवढं काय रडायला लागलास?" बस, एवढंच. वर्षभर मी त्यांच्या ज्या शिव्या मनात ऐकत होतो त्या त्यांनी कधी दिल्याच नव्हत्या. सगळ्यांचे पप्पा असे नसतात हे माहितीये, मग आईला करा, ताईला करा, पण करा. आणि झोप-जेवण आठवडेच्या आठवडे गेलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर 14416 ला लावा, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात.

आदल्या रात्री झोप नाही लागली तरी मोबाईल बंद करून पडून राहा. कागदपत्रं संध्याकाळीच पिशवीत भरा, सोबत केळी आणि चिक्की, आणि बूट रुळलेलेच घाला, नवे घालून मी एकदा अंगठ्याचं नख घालवलंय.