यंदा कर्तव्य आहे का, हे ठरवायचं कसं

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी विषय निघतोच, "आमच्याकडं यंदा कर्तव्य आहे", आणि ज्याचं कर्तव्य आहे तो आतल्या खोलीत मोबाईल बघत बसलेला असतो. मी 37 व्या वर्षी लग्न केलं, त्याआधी दहा-बारा वर्षं गावोगावचे कांदेपोहे खाल्ले, म्हणून हे सांगायचा थोडाफार हक्क आहे असं समजा.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा की लग्न होत नाहीये का करायचं नाहीये. नातेवाईक दोन्हीला "रखडलंय" म्हणतात, पण दोन्ही गोष्टी वेगळ्या. गावाकडं मुलगा निर्व्यसनी, बागायती शेती, तरी स्थळ येत नाही, कारण मुलीचा बाप स्वतः शेतकरी असला तरी त्याला जावई मात्र नोकरीवाला पाहिजे. त्यात मुळात मुलीच कमी. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 0 ते 6 वयाच्या 1000 मुलांमागं 913 मुली होत्या, 2011 ला 894, आणि 2001 ची ती पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात पोरांनी नवरदेवाच्या वेषात घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला, लोक हसले, पण त्यांची मागणी गर्भलिंग तपासणीचा कायदा नीट राबवा अशीच होती ना. तेव्हा तुमचं या कारणानं अडलं असेल तर "माझ्यातच काहीतरी कमी आहे" हे आधी डोक्यातून काढा, आणि मंगळ, गुण, पोटजात या चाळण्या किती बारीक ठेवल्यात ते घरच्यांना विचारा.

मुलींचं गणित निराळं. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ त्यात जातो आणि पुरुषांचा 97, तेही जे पुरुष करतात त्यांचाच हिशोब, अजिबात न करणारे धरलेलेच नाहीत. स्वतः कमावणारी मुलगी हे बघून "थांबते जरा" म्हणाली तर तिला नखरेल कशाला म्हणायचं?

आता "लग्न केलं की माणूस सुखी होतो" या वाक्याचं काय करायचं. जर्मनीत 24,000 लोकांना 15 वर्षं दरवर्षी विचारत राहिले, 2003 ला निष्कर्ष छापला, की लग्नाच्या आसपास समाधान थोडं वाढतं आणि मग बहुतेक जण पुन्हा आपल्या जुन्या पातळीवर येतात, वर आणि ज्यांची लग्नं झाली ते आधीपासूनच जरा जास्त समाधानी होते. म्हणजे उदास पोराला "लग्न कर, सुधरशील" हा सल्ला देऊ नका, त्याला डॉक्टरकडं न्या. आणि अमेरिकेत ओहायोत 42 जोडप्यांच्या हातावर बारीक फोड काढून बघितलं, तर एकमेकांशी खुनशीनं बोलणाऱ्यांच्या जखमा बाकीच्यांच्या 60 टक्के वेगानंच भरल्या. घरात रोज धुसफूस असेल तर ती अंगावर निघते, हे आपल्या आज्यांना माहितीच होतं म्हणा.

म्हणून बघायला गेल्यावर पॅकेज विचारून झालं की हे विचारा: तुमच्याकडं आई आजारी पडली तर चहा कोण टाकतं? भांडण झालं की अबोला का आरडाओरडा, आणि आधी कोण बोलतं? उत्तरापेक्षा चेहरा बघा. मग एकटे पाच-सहा वेळा भेटा, त्यातली एक भेट कॅफेत नको, एसटी स्टँडवर किंवा दवाखान्याच्या रांगेत, भूक लागलेली असताना. माझ्या बायकोनं मला होकार द्यायचं ठरवलं ते मी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून कसा बोललो ते बघून, असं ती नंतर म्हणाली. कर्ज, आजारपण, आईवडलांची जबाबदारी साखरपुड्याआधीच उघड करा, नंतर कळलं की फसवलं म्हणतात आणि त्यांचं बरोबर असतं.

नाहीच करायचं ठरलं तर तेही नीट करा. मेडिक्लेम स्वतःच्या नावावर, घराची एक चावी शेजारी किंवा मित्राकडं, आणि मृत्युपत्र, त्याला दोन साक्षीदार लागतात, नुसतं बँकेत नॉमिनी टाकून भागत नाही कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. आणि रविवारी हक्कानं जेवायला जाता येईल असं एक तरी घर जपा.

करायचंच ठरलं पण खर्चाला घाबरून अडलंय, तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन करायचं रजिस्टर लग्न. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिलेला पाहिजे, नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन सह्या. आम्ही तसंच केलं, फक्त नोटीस द्यायला कुठल्या दिवशी जायचं ते आईनं पंचांग बघून सांगितलं.