मंडळीचं नेतृत्व करताना या चुका टाळा

चर्चच्या मंडळीतले पाळक (पास्टर) असोत, वडील (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी) असोत की तरुण संघाचा प्रमुख, आपलं शिकणं थांबलंय हे सगळ्यात शेवटी कळतं ते त्या माणसालाच. उपदेश चालू असतात, उपासनेला माणसं येत असतात. फक्त "हे चुकतंय" असं तोंडावर सांगणारं कोणी उरलेलं नसतं. असं होण्यामागे बहुतेक वेळा आपल्याच सवयी असतात.

"देवाने मला दाखवलंय" म्हणून चर्चा बंद करणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. बैठकीत एखाद्या वडिलांनी खर्चाबद्दल शंका काढली आणि पाळक म्हणाले, "मी यावर प्रार्थना केली आहे, प्रभूने स्पष्ट दाखवलंय," की शंका काढणारा माणूस एकदम देवाच्याच विरोधात गेल्यासारखा होतो. तो गप्प बसतो आणि पुढच्या बैठकीतही गप्पच राहतो.

इस्राएली लोकांचा नेता मोशे, त्याच्याइतका देवाशी जवळून बोललेला नेता बायबलच्या जुन्या करारात शोधून सापडणार नाही. तरी त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करत बसलेला दिसतो, आणि हे बरोबर नाही असं त्याचा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो. इथ्रो मिद्यानी लोकांचा याजक (पुरोहित), म्हणजे बाहेरचाच माणूस. जळत्या झुडपातून देव माझ्याशी बोलला होता, असं मोशे त्याला ऐकवत नाही. तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमतो. शिवाय देवाची तशी आज्ञा असेल तर हे कर, असं इथ्रोने स्वतःच म्हटलं होतं. देवाचं मार्गदर्शन आणि माणसाचा सल्ला एकमेकांच्या आड येतात, हे आपणच ठरवून टाकतो.

उपाय सोपा आहे. "माझ्या मनात असं येतंय, तुमचं मत सांगा," एवढंच म्हणा आणि निर्णय त्याच बैठकीत घेऊ नका.

विचारायचं, पण ऐकायचं सोयीचं

शलमोन राजाचा मुलगा रहबाम गादीवर आला, तेव्हा त्याने सल्ला मागितला नाही, असं नाही. "आमचं ओझं हलकं करा" म्हणणाऱ्या लोकांकडून त्याने 3 दिवसांची मुदत घेतली आणि शलमोनाच्या काळच्या वडीलधाऱ्यांनाही विचारलं. मग त्यांचा सल्ला बाजूला सारून स्वतःबरोबर वाढलेल्या तरुणांचं ऐकलं आणि राज्य दुभंगलं (1 राजे 12). म्हणून मी किती जणांना विचारलं, याला फारसा अर्थ नाही. कोणाच्या सांगण्यावरून ठरलेला बेत बदलला, हे आठवून पाहा. एकही प्रसंग आठवत नसेल तर काळजी करण्यासारखं आहे.

सांगणाऱ्याची पायरी पाहणं

येशूविषयी शिकवणारा अपुल्लोस वक्ता होता, शास्त्रात प्रवीण होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे त्याचं ज्ञान अपुरं होतं. त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावला तो प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू बनवणाऱ्या जोडप्याने (प्रेषितांची कृत्ये 18). त्यांनी त्याला चारचौघांत अडवलं नाही, जवळ बोलावून घेतलं. त्यांच्या या शहाणपणाचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. मला मात्र अपुल्लोसचं जास्त वाटतं. सभा गाजवून आलेल्या वक्त्याने एका कारागीर जोडप्यापुढे विद्यार्थी होऊन बसणं अवघड असतं.

कधी सांगणारा कडवट बोलतो. त्याचा सूर चुकीचा असला तरी मुद्दा वेगळा काढून तपासा.

नम्र भाषेवर विसंबणं

"मी तर अयोग्य सेवक" असं व्यासपीठावरून म्हणणं सोपं आहे. तेच वाक्य दुसऱ्याने आपल्याबद्दल उच्चारलं तर कसं वाटेल, ते पाहावं.

काम वाढल्यावर सावध न राहणं

उज्जीया 16 व्या वर्षी यहूदाचा राजा झाला आणि जखऱ्याच्या शिकवणीखाली देवाला शोधत राहिला. तो बलाढ्य झाल्यावर मात्र त्याचं मन फुगलं. धूप जाळणं हे फक्त याजकांचं काम, तरी ते करायला तो मंदिरात शिरला, तेव्हा अजऱ्या आणि 80 याजकांनी त्याला अडवलं. उज्जीया संतापला आणि धूपपात्र हातात असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठलं (2 इतिहास 26).

म्हणून काम भरभराटीला येत असतानाच दोन माणसं ठरवा, ज्यांचं पद किंवा पगार तुमच्या हातात नाही. "माझं काही चुकतंय का?" असं मोघम विचारलंत तर "नाही, छान चाललंय" हेच उत्तर येईल. "गेल्या महिन्यात मी कोणाला बोलू दिलं नाही?" असं नेमकं विचारा. उत्तर आलं की त्या दिवशी फक्त आभार माना. खुलासा करायचाच असेल, तर तो आठवड्याने करा.