मोटारसायकलवाल्यांनो, या चुका टाळा

बियाण्यांच्या फिरतीत माझी वीस वर्षं गेली. बीड, परभणी, जालना, हिंगोली, रोज निदान शंभर किलोमीटर. या काळात तीन गाड्या झिजल्या. चुका मात्र त्याच दिसतात, फक्त करणारी पोरं दरवर्षी नवी असतात. तोंडी सांगायला गेलं की "हो काका" म्हणतात आणि निघून जातात. म्हणून लिहून ठेवतोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ऊसतोडीच्या दिवसांत रात्री सुसाट जाणं. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत आमच्याकडचे रस्ते उसाच्या वाहतुकीचे असतात. जोड ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर चालतात. पुष्कळांना मागे लाल दिवा नसतो आणि लोंबणाऱ्या उसाखाली रिफ्लेक्टर झाकला जातो.

2018 च्या जानेवारीत मी माजलगावहून गढीकडे निघालो होतो. रात्रीचे साडेआठ झाले होते आणि वेग साठच्या आसपास होता. समोरून ट्रक आला, त्यानं डिपर मारला नाही. डोळ्यांपुढं नुसता पांढरा पडदा. साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते, म्हणजे ते दोन सेकंद मी 30 मीटरहून जास्त अंतर आंधळाच चालवत होतो. ट्रक गेल्यावर पुढच्या चाकाखाली दगड आला आणि मी आडवा झालो. उठून बघतो तर हाताच्या अंतरावर उसाची ट्रॉली उभी. तिचा ॲक्सल मोडला होता आणि मागून येणाऱ्याला कळावं म्हणून तिच्यामागे दगड मांडले होते. हासळीचं हाड मोडलं, पण त्याच दगडानं मला ट्रॉलीत घुसण्यापासून वाचवलं. ट्रॉलीखाली टोळीतली माणसं झोपली होती. त्यातल्या एका मावशीनं मला पाणी पाजलं आणि रुमालानं हात गळ्यात बांधून दिला. "दादा, रातचं नका हिंडत जाऊ," एवढंच ती म्हणाली. माझा राग तिच्यावर नाही, तिला अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉलीखाली झोपायला लावणाऱ्यांवर आहे.

तेव्हापासून माझी सवय अशी. समोरचा उजेड डोळ्यात आला की ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेकवर बोटं ठेवायची आणि नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर न्यायची. दिव्याकडे बघायचंच नाही. चरे पडलेली हेल्मेटची काच लगेच बदलायची, कारण त्या चऱ्यांवर उजेड फुटतो आणि दिसायचं तेही दिसत नाही. रात्री निघणं टळत नसेल तर एखादी एसटी गाठायची आणि चांगलं अंतर राखून तिच्या मागं मागं जायचं. एसटीच्या ड्रायव्हरला त्या रस्त्याचा खड्डान्‌खड्डा पाठ असतो. तेही जमत नसेल तर फाट्यावर चहा घेऊन मुक्काम करावा.

आणि गाडी दुरुस्त झाल्यावर मांडलेले दगड रस्त्यावरच सोडून जाणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, ते उचलून बाजूला टाका. ऑक्टोबरात डांबरावर सोयाबीन वाळत घालणाऱ्यांनाही तेच. त्यांच्याही भोवती दगड असतात, आणि सोयाबीनच्या दाण्यांवरून चाक सरकतं.

दुसरी चूक म्हणजे पावसात काळ्या मातीच्या पाणंदीतून शॉर्टकट घेणं. मागे मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी आणि माझा भाचा पाथरीहून सेलूकडच्या एका गावी निघालो होतो. गाडी तो चालवत होता. "मामा, मॅपवर इकडून सात किलोमीटर वाचतेत," म्हणाला आणि डांबर सोडलं. मी अडवायला हवं होतं. दोनशे पावलांत माती चाकाला लिंपली, मडगार्डमध्ये ठासली आणि पुढचं चाक जागेवर थांबलं. पोरानं पहिल्या गिअरवर रेस वाढवत नेली. चाक हलेना आणि अर्धा धरलेला क्लच घासत राहिला. जळका वास आला तेव्हा क्लचप्लेटा गेल्या होत्या. शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरचे एक म्हातारबाबा खुरपं घेऊन आले आणि माती कोरून काढायला लागले. "पाऊस पडल्यावर इकडून गाडी घालत नसतेत," ते म्हणाले. डांबरापर्यंत गाडी ढकलायला आम्हाला दीड तास लागला.

तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पावसाळ्यात डांबर सोडू नका. मॅपला रस्ता कळतो, माती कळत नाही. अडकलातच तर इंजिन बंद करा, काडीनं किंवा खुरप्यानं मडगार्ड मोकळं करा आणि गाडी मागं घ्या. पुढं रेटू नका. घाई झालेल्या माणसाला मागं फिरणं कमीपणाचं वाटतं, पण क्लचप्लेटांचा खर्च त्याहून जास्त असतो.

उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी करतात, ते तर अगदी उलटं आहे. हवा कमी असलेलं टायर जास्त दबतं, जास्त तापतं आणि त्यामुळंच फुटायची भीती वाढते. गाडीच्या स्टिकरवर एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा दिलेला असतो, तेवढीच हवा ठेवायची आणि सकाळी टायर थंड असताना मोजायची. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसणारच, म्हणून हवा सोडू नका.

पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो, हे पोरांना कोण शिकवतं कळत नाही. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळं कोरड्या डांबरावर गाडी थांबते ती जास्त करून पुढच्या ब्रेकनं. नुसता मागचा दाबला की चाक घसरत जातं. मोकळ्या मैदानात सकाळी अर्धा तास दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत सराव करा. गिट्टीवर, चिखलात पुढचा जपून.

चैन वाजते म्हणून ताठ करून घेऊ नका. खालच्या बाजूला मधोमध दोन-तीन सेंटिमीटर ढील हवीच, कारण दोन माणसं बसली की ती आणखी ताणली जाते आणि मग बेअरिंग खाते. जळकं ऑईल ओतणंही बंद करा, त्याला धूळ चिकटते. मी पाचशे किलोमीटरला चैन पुसतो आणि चैनचंच तेल लावतो.

हेल्मेट आयएसआयचं घ्या आणि पट्टा लावा. बिनपट्ट्याचं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पडतं.

मे महिन्यात बारा ते चार थांबा. घाम येणं बंद होऊन डोकं गरगरायला लागलं तर पुढचं गाव गाठायच्या नादी लागू नका, पहिल्या कडुलिंबाखाली उतरा.

आणि मागं आई, मावशी, बायको बसली असेल तर निघण्याआधी उतरून पदर बघा. साडीगार्ड असलं तरी बघा. पदर चाकात गेल्यावर बसणाऱ्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही. मी आईला पदर कमरेला खोचायला लावतो आणि तिनं "खोचला रे बाबा" म्हटल्याशिवाय गिअर टाकत नाही.