जुळ्या एसयू कार्ब्युरेटरचं मिक्श्चर घरच्या घरी कसं लावावं

गाडी स्लोवर थरथरायला लागली, पिकअप मंदावला, सायलेन्सरमधून फटफट आवाज यायला लागला, की आपला हात थेट कार्ब्युरेटरच्या नटाकडे जातो. तिथेच थांबा. मिक्श्चर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, लावणं हे ट्युनिंगमधलं शेवटचं काम आहे. प्लग, पॉइंट, टायमिंग (ठिणगीची जुळणी) आणि टॅपेट (झडपांची जुळणी) बरोबर असल्याशिवाय नटाला पाना लावला, तर एका दोषावर दुसरा दोष चढवून ठेवल्यासारखं होतं आणि मग मूळ दुखणं सापडत नाही.

उदाहरणासाठी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेली ही गाडी. तिचं 1798 सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातलं, म्हणजे आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या 1489 सीसी इंजिनाचं सख्खं भावंड. त्यावर शेजारी शेजारी एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर असतात. इथे सांगितलेली पद्धत एचएस4 या प्रकाराची आहे. त्यात जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या, खाली षटकोनी नट असतो. नंतरच्या एचआयएफ प्रकारात नटाऐवजी बाजूला स्क्रू असतो, तत्त्व तेच.

एसयूचं अंतरंग एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं वाटतं. वरच्या घुमटाकार भांड्यात एक पिस्टन वरखाली होतो. इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या तळाला निमुळती सुई असते, ती जेटमध्ये बुडलेली असते. सुई वर गेली की जेटचं तोंड जास्त मोकळं होतं आणि हवेच्या बरोबरीने पेट्रोलही वाढतं. आपण नट फिरवतो तेव्हा जेट वरखाली होतं. नट खाली उतरवला की जेट सुईपासून दूर जातं आणि मिक्श्चर रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. नट वर चढवला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. एवढं लक्षात ठेवलं की उजवीकडे फिरवू की डावीकडे, हा गोंधळ होत नाही.

आधीची तयारी

टॅपेटचा गॅप 0.015 इंच, पॉइंटचा 0.014 ते 0.016 इंच, प्लगचा 0.025 इंच. फिलर गेजने तिन्ही तपासा, मग टायमिंग. त्यानंतर हवेची गळती शोधा. मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि थ्रॉटलची (हवेच्या झडपेची) झिजलेली दांडी या दोन जागा मुख्य. दांडी बोटाने हलवल्यावर जाणवण्याइतकी डुगडुगत असेल, तर तिथून चोरून हवा आत येते आणि मिक्श्चर कितीही लावलं तरी टिकत नाही. अशा वेळी आधी दांडी आणि बुश बदलून घ्या.

घुमटाच्या डोक्यावरचं काळं झाकण उघडून डॅम्परमधलं, म्हणजे पिस्टनची हालचाल मंद ठेवणारं, तेल पाहा. एसएई 20 चं पातळ तेल चालतं. झाकण परत बसवताना त्याचे आटे लागायला साधारण पाव इंच उरलेलं असताना हाताला अडथळा जाणवला, की तेल पुरेसं आहे. मग बोटाने पिस्टन उचलून सोडा. तो तळाला टेकताना बारीक ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर सुई जेटला घासते आहे किंवा भांड्यात मळ आहे. भांडं उघडायचं झालं तर दोन्हींवर खूण करा, कारण एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या भांड्यात बसवायचा नसतो.

काम मोकळ्या हवेत करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. आग विझवायचं सिलिंडर हाताशी असू द्या, आणि बाह्या, ओढणी, मफलर रेडिएटरच्या पंख्यापासून दूर.

सुरुवातीची जागा

दोन्ही एअर क्लीनर काढा. चोकची जोडणी सैल करा. नट वर चढवत जेटचं तोंड आतल्या पुलाच्या (पिस्टनखालच्या उंच पट्टीच्या) पातळीला सपाट आणा आणि तिथून दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली उतरवा. दोन्ही कार्ब्युरेटरला अगदी सारखं. एवढ्यावर इंजिन सुरू होतं. आता गाडी चांगली गरम होऊ द्या, थोडी फिरवून आणली तर उत्तमच. थंड इंजिनावर लावलेलं मिक्श्चर तासाभराने खोटं ठरतं.

आधी हवा जुळवा

दोन कार्ब्युरेटरना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करा, म्हणजे दोन्ही थ्रॉटल एकमेकांपासून सुटे होतील. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हींचा सूं-सूं आवाज सारखा होईपर्यंत स्लोचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. जोडीचे तंबोरे एकमेकांशी जुळवताना जसं ऐकावं लागतं, तसंच हे. घाई केली की कान फसतो. आवाज सारखा झाला आणि इंजिन 750 ते 800 आरपीएमवर स्थिर राहिलं, की पुढे जा.

मग मिक्श्चर

कार्ब्युरेटरच्या अंगाला खालून एक छोटी पिन असते. ती वर ढकलली की आधी थोडी मोकळी सरकते, मग पिस्टनला लागते. तिथून फक्त 0.8 मिलिमीटर उचला आणि कान इंजिनाकडे द्या.

आरपीएम वाढले आणि वाढलेलेच राहिले, तर मिक्श्चर रिच. इंजिन बंद पडायला लागलं, तर लीन. किंचित वाढून लगेच पूर्ववत झालं, तर बरोबर.

एका वेळी एकच पैलू फिरवा. फिरवल्यावर जेट बोटाने वर दाबून नटाला टेकलं आहे ना ते पाहा, आणि पुन्हा पिन उचला. पुढचा कार्ब्युरेटर लागला की मागचा घ्या, मग परत पुढचा तपासा, कारण एक बदलला की दुसऱ्याचं वागणं बदलतं. दर तीनेक मिनिटांनी इंजिनाला अर्धा मिनिट 2500 पर्यंत रेस द्या. स्लोवर फार वेळ राहिलेलं इंजिन चुकीची उत्तरं देतं. मिक्श्चर सुधारलं की स्लो वाढतो, तो स्क्रूने दोन्हीकडे सारखाच कमी करा.

सायलेन्सरचा आवाजही बोलतो. ठरावीक तालात मिस मारत काळसर धूर असेल तर रिच, बेताल फुसफुसत मिस मारत असेल तर लीन. नवख्या माणसाला मी गन्सनचा कलरट्यून घ्यायला सांगेन. तो काचेचा प्लग एका सिलिंडरला लावला की आतली ज्योत दिसते. निळी बरोबर, पिवळी रिच, पांढुरकी लीन. डोळ्याने पाहिलेलं कान लवकर शिकतो.

शेवटी जोडदांडीचे क्लॅम्प घट्ट करा, चोक जोडा, एअर क्लीनर बसवा आणि पिनची परीक्षा पुन्हा एकदा घ्या. एअर क्लीनरने हवेची वाट थोडी बदलते.

पेट्रोल बदललं असेल तर

ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल म्हणजे 10 टक्के इथेनॉलचं ई10, आणि आपल्याकडे आता 20 टक्के. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून एक भाग पेट्रोलला लागणाऱ्या हवेचं वजनी प्रमाण 14.7 वरून ई10 मध्ये सुमारे 14.1 आणि ई20 मध्ये सुमारे 13.5 वर येतं. जुन्या खुणेवर ठेवलेलं जेट अशा पेट्रोलवर लीन पडतं. एखाद-दोन पैलू खाली उतरवावं लागलं तर घाबरू नका. इथेनॉल जुन्या रबरालाही खातं, तेव्हा पेट्रोलचे पाइप त्याच दिवशी तपासा आणि इथेनॉल सोसणारे नवे घाला.

रस्त्यावरची परीक्षा

वीसेक किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालवून आणा आणि प्लग काढून क्रमाने मांडा. बिस्किटासारखा तपकिरी रंग हवा. या इंजिनात पुढचा कार्ब्युरेटर 1 आणि 2 नंबरच्या सिलिंडरला पाजतो, मागचा 3 आणि 4 ला. 1 आणि 2 चे प्लग काजळलेले आणि 3 आणि 4 चे पांढरे दिसले, तर कुठल्या नटाला हात लावायचा ते प्लगच सांगतात. चारही प्लग छान पण वेगात चढावर गाडी दम टाकते, असं असेल तर नटाचा दोष नाही. वरच्या वेगाचं मिक्श्चर सुईच्या निमुळतेपणावर ठरतं, तेव्हा सुईवरचा नंबर वाचून ती तुमच्या इंजिनाचीच आहे का ते बघा. जुन्या गाड्यांत कुणीतरी हाताशी होती ती सुई घातलेली फार वेळा सापडते, आणि दोन कार्ब्युरेटरमध्ये दोन वेगळ्या सुयाही.